बिनतळाची नदी

मामा, काल विहारात तुमचं पुण्यानुमोदन झालं. भंतेजी आले, वंदना झाली, तुमच्या फोटोपुढे मेणबत्त्या लागल्या, आणि मग ठरल्याप्रमाणे विहाराचा कारभार बघणाऱ्या गुरुजींनी मला उभं केलं. "मामाचं कॉम्प्युटरवरचं चित्र आता भाची दाखवील," म्हणाले. माझ्या लॅपटॉपमध्ये तुमची नदी दोन रूपांत होती. एक तळ असलेली, मी दुरुस्त केलेली. दुसरी तुमची, बिनतळाची. कोणती लावायची हे वंदना संपेपर्यंत माझं ठरत नव्हतं. काय केलं ते सांगते, पण आधी आपलं भांडण पुरं करू. ते अर्ध्यावर टाकून तुम्ही उठून गेलात, आणि मी समोर असते तर तुम्हाला असं उठू दिलं नसतं.

गेवराईला तुम्ही रंग घ्यायला आला होतात आणि ऊन लागतंय म्हणून माझ्या कॉम्प्युटर क्लासच्या मागच्या बाकावर येऊन बसलात. दुकानांचे बोर्ड रंगवायचं तुमचं काम फ्लेक्सने कधीच खाल्लं होतं. तुमच्या वाट्याला शाळेच्या भिंती आणि पाण्याच्या टाक्या उरल्या होत्या. पण रडगाणं गाणं तुमच्या स्वभावात नव्हतं, तुम्ही फक्त फ्लेक्स दिसला की त्यावरच्या अक्षरांना शिव्या घालायचात. त्या दिवशी पोरं टायपिंग करत होती आणि मी माझ्या गमतीसाठी स्क्रीनवर वर्तुळं काढणारा एक छोटा प्रोग्राम चालवत होते. तुम्ही बराच वेळ बघितलंत.

"हे कोन काढायलंय?"

"मी."

"तुझा हात तर चहाच्या कपावर हाय."

"मी सांगून ठेवलंय मामा. सांगितलेलं ते काढतंय."

"सांगून काढायचं? मंग हाताला काय काम?" असं म्हणून तुम्ही नाक मुरडलंत, रंगाची पिशवी उचललीत आणि गेलात. पुढच्या बाजाराला पुन्हा त्याच बाकावर हजर. ऊन त्या दिवशी नव्हतं, आभाळ भरलं होतं.

तुमचा पहिला धडा आठवतोय का? मी डोळ्यांना ओढणी बांधली, हातात खडू घेतला आणि म्हणाले, मला गोल काढायला सांगा, पण 'गोल' हा शब्द वापरायचा नाही. तुम्ही आधी चिडलात. उभा जन्म अक्षरं काढण्यात गेला आणि ही मला गोल शिकवते, असं तुमच्या श्वासावरूनच कळत होतं. मग सांगायला लागलात. थोडं पुढं जा, थोडं उजवीकडं वळ, आणखी पुढं, आणखी वळ. मी इमानाने जात राहिले. फळा संपला, भिंत आली, भिंतीवरच्या कॅलेंडरवर खडू गेला.

"अगं थांब की पोरी!"

"थांबायचं कधी ते तुम्ही सांगितलंच नाही."

सगळा क्लास हसला. तुम्ही बाहेर जाऊन तोंडावर पाणी मारून आलात, बाही दुमडलीत आणि म्हणालात, "पुन्हा." तुमचा तो 'पुन्हा' मला तेव्हापासून माहीत आहे. चित्र बिघडलं की पुन्हा. जमलं तरी पुन्हा, चुकून तर जमलं नाही ना ते बघायला.

इंग्रजी शब्द तुम्ही जिभेवर येऊच दिले नाहीत. तेच ते परत करायला सांगणं म्हणजे 'फेरा'. कॉम्प्युटरला म्हणावं, तुझं तू ठरव, तर ती 'मर्जी'. "चार फेरे घाल आणि रंग मर्जीवर सोड," असं तुम्ही म्हणायचात आणि मी ते कोडमध्ये लिहून द्यायचे. पुढे तुम्हीच लिहायला लागलात. एक बोट वापरून, टेबलावर खिळा ठोकल्यासारखं. प्रोग्राम अडला की लॅपटॉपला म्हणायचात, "काय बे, कावून अडलास?" आणि खरं सांगते, तो बऱ्याचदा तुमचं ऐकायचा. माझ्या क्लासमधली पोरं चुकली की आता तेच म्हणतात.

एक धडा मात्र मी विसरून गेले होते. काल तो मला परत सापडला, म्हणून इथेच लिहून ठेवते. स्क्रीनवर एक ठिपका सरकत होता आणि तुम्हाला तो किती सरकला ते हवं होतं. मी म्हणाले होते, मामा, मशीनला मागचं काही आठवत नाही. बदल बघायचा असेल तर आधीची खूण आपणच ठेवायची, आणि मग नवी जागा त्या खुणेशी ताडून बघायची.

तुम्ही म्हणालात, "मागचं आठवत न्हाई म्हंजे आपल्या गावासारखंच हाय की."

मी हसले होते.

जयंतीला विहाराच्या भिंतीवर नदी दाखवायची, हे तुमच्या डोक्यातून निघालं. आपली नदी, आपला काठ, काठावर आपला निळा-पांढरा विहार. "रंगवायची न्हाई. कनाकनानं करायची," म्हणालात. काठाचा फोटो काढून आणलात आणि स्क्रीनवर तो बोटाने गिरवलात. मग प्रत्येक वाळूच्या कणाला एकच नियम दिलात. खाली जागा असेल तर खाली जा. नसेल तर डावीकडे किंवा उजवीकडे घसर, तुझ्या मर्जीने. दोन्हीकडे जागा नसेल तर बसून राहा. इतका साधा नियम की तो मी पाचवीच्या पोरीला शिकवू शकते. आणि तुम्ही बटण दाबलंत.

वाळू खाली गेली. नुसती गेलीच. स्क्रीनच्या खालच्या कडेतून सांडत राहिली, तिच्यावरची वाळू तिच्या मागे गेली, मग काठाचा पाय सुटला, एक कोपरा आधी खचला, पाठोपाठ सगळा काठ बसला, आणि तुमचा निळा-पांढरा विहार कलंडून खाली गेला. मागे पांढरा स्क्रीन राहिला.

मला हसू आवरेना. "मामा, तळ घालायचा राहिला! नदीला तळ नको का? एक ओळ लिहा, सगळं थांबेल."

तुम्ही हसला नाहीत. "पुन्हा," म्हणालात.

त्या दिवशी तुमच्या घरी दुपारभर ते चाललं होतं. काठ उभा, वाळू खाली, कोपरा, काठ, विहार. प्रत्येक वेळी पडण्याची तऱ्हा वेगळी, कारण घसरणं मर्जीवर होतं. कोपरा मात्र दर वेळी तोच आधी जायचा, विहाराच्या मागच्या खोलीचा. मामी भाकरी टाकता टाकता दारात आली, विहार पडताना बघितला आणि म्हणाली, "बंद करा ते. बघवंना मला."

"का गं? खेळ हाय तो," तुम्ही म्हणालात, पण बंद केलंत.

मी तुम्हाला कारण समजावून सांगितलं. तो कोपरा आधी पडतो कारण तिथे तुम्ही काठ बारीक गिरवलाय. तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की मीच मठ्ठ आहे.

"बारीक हाय म्हनून बारीक काढला."

तुम्हाला सांगायला नको, नदीचं काय झालंय ते. ट्रॅक्टरला रुंद लोखंडी पात्यांच्या केन्या लावून पाण्याखालची वाळू ओरबाडतात, टिप्पर भरून जातात, आणि उरतात खड्डे. वरून पाणी संथ दिसतं. मी लहान असताना आपण जिथे चालत पलीकडे जायचो तिथे आता म्हशीसुद्धा उतरत नाहीत. आणि केनीवर बसणारी पोरं काही परकी नाहीत. आपल्याच वस्तीतली आहेत, जयंतीच्या मिरवणुकीत तीच पुढे असतात, विहाराची फरशीसुद्धा त्यांनीच खांद्यावरून वाहिली. त्याच विहाराच्या मागच्या खोलीत दर रविवारी मी पोरांना चित्रं आणि कोड शिकवते. तुमच्याच आग्रहावरून. सतरंज्या मागच्या भिंतीला लावून ठेवलेल्या असतात, कारण तिकडून वारा येतो.

म्हणून जयंतीच्या आधी आपलं वाजलं. गुरुजी म्हणाले, "सणाच्या दिवशी विहार पडताना दाखवायचा? असलं नगं." त्यांचा मुद्दा सणाचा होता. माझा वेगळा होता आणि तो मला आजही चुकीचा वाटत नाही. मी म्हणाले, मामा, ही फसवणूक आहे. तुम्ही तळ लिहिला नाही म्हणून वाळू पडली. मशीनने नदी बघितलेली नाही. त्याने फक्त तुम्ही सांगितलेलं केलं. आपणच नियम लिहायचा आणि आपणच लोकांना म्हणायचं, बघा, नदी काय सांगते. असं कसं चालेल?

तुम्ही विडीची राख झटकलीत. "मंग तळ घातला तो बी तूच घातला की. तुला कोन सांगितलं तळ हाय म्हनून? खाली जाऊन आलतीस?"

मी आवाज चढवला. तुम्हीही चढवलात. मामीने दोघांना चहा दिला तो दोघांनीही घेतला नाही. मी तळ असलेली नदी तयार केली, फार सुंदर झाली होती ती. वाळू हळूच बसते, काठ टिकतो, वर पाणी निळं होत जातं. तुम्ही बघितलीत आणि म्हणालात, "छान हाय. कॅलेंडरवर छाप." बिनतळाची मी लावू देईना, तळाची तुम्ही लावू देईनात. शेवटी जयंतीला भिंतीवर काहीच लागलं नाही. तुम्ही प्रोजेक्टरसाठी धुऊन आणलेली पांढरी चादर घडी करून काखेत मारलीत आणि मिरवणुकीत सगळ्यात मागे चालत राहिलात.

त्यानंतर तुम्ही मला मोबाइलवर तुमच्या नदीचे व्हिडिओ पाठवायचात. खाली एक शब्दही नाही. नुसता काठ पडताना. सकाळी चहा घेताना बघावं तर मामाचा काठ पडलेला. मीही हट्टाला पेटले होते, अंगठा दाखवून मोकळी व्हायचे. एकदा फक्त विचारलं, रविवारच्या क्लासला कावून येत नाही हो तुम्ही आता? तुम्ही लिहिलंत, येतो की, तू नसताना येतो. मला तो रुसवा वाटला.

मग पावसाळा लागला आणि टाकीवरचं काम निघालं. तुम्ही 'पाणी जपून वापरा' लिहायला शिडीवर चढला होतात. खाली आलात, जरा दम लागला म्हणून टाकीच्या सावलीत टेकलात, आणि तसेच राहिलात. टाकीवर अजून 'पाणी ज' एवढंच आहे. ते 'ज' काय काढलंय मामा! त्याची गाठ बघून मला रडू आलं, मी टाकीपाशी उभी राहून चारचौघांत रडले. ग्रामपंचायत म्हणते, दुसऱ्याकडून पुरं करून घेऊ. मी त्यांना म्हणाले, हात लावून बघा.

तुम्हाला मी कधी म्हणाले नाही, की माझ्या क्लासला शेकड्याने पोरं येऊन गेली आणि त्यांत चित्र म्हणून कोड लिहिणारे तुम्ही एकटेच होतात. बाकी सगळ्यांना नोकरीसाठी हवं होतं. मी स्वतः ते गमतीसाठी करत होते. तुम्ही ते असं केलंत की त्यावर भांडता यावं. तुमच्यामुळे मला माझंच काम पुन्हा आवडायला लागलं, आणि हे तुम्ही असताना तोंडाने सांगायला हवं होतं तर मी टोमणे मारत बसले, कारण तुम्हालाही टोमणेच आवडायचे.

आता कालचं.

वरच्या धरणातून पाणी सोडणार असं दोन दिवस कानावर येत होतं. काल सकाळपासून लाऊडस्पीकर लावून गाडी फिरत होती, नदीकाठच्या लोकांनी सावध राहावं. विहारात मात्र गर्दी झाली. पांढरे कपडे घालून सगळी वस्ती आली, केनीवरची पोरंसुद्धा दाराशी उभी होती. दुपार असल्यामुळे प्रोजेक्टरला अंधार हवा होता, तर खिडक्यांना जुने फ्लेक्स लावले. तुमच्या दुश्मनानेच तुमच्यासाठी अंधार केला, हे तुम्हाला सांगावंसं फार वाटलं.

गुरुजी हळूच म्हणाले, "ते छानवालं लावनार ना पोरी?" मी मान हलवली, हो का नाही ते मलाच कळलं नाही. मामीला विचारलं. ती म्हणाली, "मला न्हाई कळत त्यातलं. पन त्यायला ते तळाचं नको व्हतं, एवढं मला म्हाईत हाय." तरी माझा पाय अडलेलाच. तुमचा मान म्हणून खोटं चित्र लावायची माझी तयारी नव्हती, आणि बिनतळाचं खरं आहे हे मला कुणी दाखवलं नव्हतं.

विजेची वायर पुरेना म्हणून मी मागच्या खोलीत एक्स्टेन्शन बोर्ड आणायला गेले. तो सतरंज्यांच्या मागे होता. सतरंज्या ओढल्या, आणि मला फरशीवर तुमचा हात दिसला.

तिथली भेग मला ठाऊक होती. गुरुजींनी ती सिमेंटने भरून घेतली होती, आम्ही सगळ्यांनी ती बुजली असं धरलं होतं. त्या सिमेंटवर, भेगेला आडवी, तुम्ही लाल ऑइलपेंटने एक रेघ मारलेली होती. टोकाला ब्रश उचलण्याची ती तुमची पद्धत मी कुठेही ओळखीन. रेघ मधोमध तुटलेली होती, दोन टोकांत माझं बोट मावत होतं. तिच्या शेजारी दुसरी रेघ, तीही तुटलेली, पण कमी. तिच्या पुढे तिसरी, सगळ्यात ताजी, केसाएवढी फट पडलेली. दर वेळी तेवढ्या जागेपुरती भेग पुट्टीने बुजवून तुम्ही वर नवी रेघ ओढली होती.

मी नसताना तुम्ही यायचात ते यासाठी. आधीची खूण ठेवायला. फरशीलाही मागचं काही आठवत नाही, म्हणून.

मामा, मी म्हणत होते की तुमचा नियम तुम्हीच लिहिलेला आहे. आणि तुम्ही तो खाली बसून फरशीशी ताडून बघत होतात. मला न सांगता, कारण मला सांगितलं असतं तर मी आणखी वाद घातला असता. मी तिथे सतरंजीवर बसून राहिले. बाहेरून गुरुजींनी हाक मारली तेव्हा उठले. भीती वाटत होती, पण डोकं एकदम शांत झालं होतं.

मी तुमची नदी लावली.

भिंतीवर काठ उभा राहिला, विहार दिसला, लहान पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग वाळू सरकायला लागली. टाळ्या थांबल्या. कोपरा गेला. काठ बसला. विहार कलंडला तेव्हा कुणीतरी 'अगं बाई' म्हणालं. पांढरी भिंत राहिली. मी गुरुजींकडे बघितलं, आता रागावतील म्हणून.

गुरुजी म्हणाले, "पुन्हा लाव."

लावली. दुसऱ्या वेळी पडण्याची तऱ्हा वेगळी होती, पण आधी गेला तो कोपरा तोच. मी तेव्हा मागच्या खोलीतल्या रेघांबद्दल सांगितलं. फार काही बोलले नाही, जे बघितलं तेवढंच. मागच्या भिंतीला टेकून बसलेली एक बाई मांडीवरचं पोर उचलून उठली आणि पुढे येऊन बसली. मग तिच्या शेजारची. मग मागची सगळी रांग, कुणी कुणाला काही न सांगता, उठून पुढे सरकली. थोड्या वेळाने लोक नुसते दाराबाहेर जाऊन उभे राहिले. जेवणाच्या पंगती शाळेच्या पटांगणात हलवल्या. दाराशी उभी असलेली पोरं फरशी बघायला आत गेली होती. बाहेर आली ती खाली मान घालून, आणि त्यांनीच सतरंज्या, फळा, मूर्ती, तुमचा फोटो, सगळं उचलून शाळेत नेलं. उद्या ती केनीवर जाणार नाहीत असं मी म्हणत नाही. मला माहीत नाही. रविवारचा क्लास आता मामीच्या अंगणात भरेल, तिने आजच शेणसडा घालून ठेवलाय.

भांडण इथे पुरं झालं. तुम्ही जिंकलात असं लिहायला बोट अजून उचलत नाही, पण तळाची फाइल मी काढून टाकली आहे.

आज सकाळी मी एकटीच मागच्या खोलीत गेले. मामीकडून तुमची पुट्टी, लाल रंग आणि बारीक ब्रश मागून नेला होता. तुमच्या तिसऱ्या रेघेशेजारी भेग बुजवून मी चौथी मारली. वाकडी आली, टोकाला ब्रश उचलायला मला जमलं नाही, तुम्ही बघितली असती तर पुसून 'पुन्हा' म्हणाला असतात. घरी आले. दुपारी लाऊडस्पीकरवर सांगितलं की धरणाची दारं उघडली, पाणी सोडलं. तेव्हा लोक नको म्हणत असताना परत जाऊन पटकन आत शिरले आणि रेघेपाशी वाकून बघून आले.

मामा, पावसाळी हवेत रंग वाळला नव्हता. बोट टेकवलं तर बोटाला लागला. रेघ मात्र मधोमध तुटली होती.